प्रगणकाला दारापर्यंत येऊ द्या : आमच्या सोसायटीच्या समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
तसेच सोसायटीत राहणारे सर्व जण (सभासद असोत वा नसोत)

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला सोसायटीच्या ग्रुपवर समितीचा निर्णय वाचला. जनगणनेच्या कर्मचाऱ्यांना सुरक्षेच्या कारणास्तव इमारतींमध्ये सोडायचे नाही, दोन रविवार क्लबहाउसमध्ये टेबल मांडून द्यायचे, इच्छुकांनी खाली जाऊन माहिती द्यावी. त्याखाली लगेच पन्नासेक अंगठे उमटले. मी अंगठा दिला नाही आणि तिथे वादही घातला नाही, कारण आपल्या ग्रुपवर पार्किंगचा वाद सुरू झाला की बाकी सगळे वाहून जाते. म्हणून हे पत्र. सोसायटीचे नाव यात लिहिलेले नाही, कारण असा निर्णय घेणारी आपली सोसायटी एकटी नसणार. बाहेरच्या कोणी वाचले तर वाचू दे.

आधी माझा यात संबंध काय ते सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांना मी प्रगणक म्हणून, म्हणजे घरोघर जाऊन माहिती लिहून घेण्याचे, काम केले. पहिल्या खेपेला शिरूर तालुक्यातल्या एका गावात गेरूचा डबा आणि काडीला गुंडाळलेली चिंधी घेऊन फिरले. घराच्या चौकटीवर क्रमांक टाकायचा, पुढे बाण काढायचा. गावात जनगणना म्हटले तर लोक गोंधळायचे, ‘शिरगणती’ म्हटले की दार उघडायचे. एका म्हातारीने नवऱ्याचे नाव घ्यायला साफ नकार दिला. घरात दुसरे कोणी नव्हते. तिने नुसते वर सूर्याकडे बोट केले. मी सूर्याची एकेक नावे घेत गेले, ती मान हलवत गेली, चौथ्या नावाला तोंडाला पदर लावून हसली. मी ते लिहून घेतले. पुढे कधीतरी १९४८ चा जनगणना कायदा वाचला तेव्हा कळले की कलम ८ मध्ये ही मुभा लिहूनच ठेवली आहे. रूढीने जे नाव घ्यायचे नाही, ते घेण्याची सक्ती बाईवर करता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी त्या म्हातारीचा विचार केला होता.

त्याच कायद्यातले पुढचे कलम मात्र आपल्या समितीने वाचलेले दिसत नाही. कलम ९ सांगते की घरात किंवा आवारात राहणाऱ्याने जनगणना अधिकाऱ्याला कामापुरता, रीतीला धरून प्रवेश दिला पाहिजे आणि घरावर क्रमांक किंवा खूण करू दिली पाहिजे. विचारलेल्या प्रश्नांची आपल्या माहितीप्रमाणे खरी उत्तरे देणे हेही बंधन आहे. ‘इच्छुकांनी’ हा शब्द महाबळेश्वरच्या सहलीच्या नोटिशीत शोभतो.

आता २०११ ची गोष्ट. तेव्हा मी हवेली तालुक्यात होते आणि माझा गट, म्हणजे मला मोजायला दिलेला भाग, याच वाघोलीत होता. आज आपला क्लबहाउस आहे तिथे ज्वारीचे रान होते. मी काढलेल्या नजरी नकाशात या जागी एक विहीर, एक चिंच आणि दोन घरे आहेत, बाकी सगळे मोकळे. त्या दोन घरांत मिळून अकरा माणसे होती. सरकारच्या लेखी आपल्या या साडेचारशे फ्लॅटच्या जागेवर अजून तेवढीच माणसे राहतात. अतिशयोक्ती नाही. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली ती गेलीच. १८८१ पासून दर दहा वर्षांनी देश मोजला गेला, १९४१ मध्ये महायुद्ध पेटलेले असतानाही मोजला गेला. या खेपेला मात्र २०११ ते २०२७ असे सोळा वर्षांचे अंतर पडले. मधल्या काळात, २०२१ मध्ये, वाघोली पुणे महापालिकेत गेली. यंदाच्या जानेवारीत आपण महापालिकेसाठी मत दिले, त्या प्रभागांची आखणीही २०११ च्याच लोकसंख्येवर झाली होती. म्हणजे नगरसेवक निवडला आपण, पण हिशेबात धरली ती ज्वारीच्या रानातली माणसे.

त्या वेळी रस्त्याच्या पलीकडे एक नवे संकुल उभे राहिले होते, तेही माझ्याच गटात. गेटवरच्या मुलाने मला पहिल्या दिवशी परत पाठवले. दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांना फोन लावला, ते म्हणाले, “मॅडम, फॉर्म केबिनमध्ये ठेवून जा, लोक भरतील.” तो फॉर्म प्रगणकाने भरायचा असतो, हे त्यांना समजावण्यात तिसरा दिवस गेला. शेवटी आत सोडले तो दिवस नेमका २७ फेब्रुवारी, रविवार. विश्वचषकातला भारत-इंग्लंड सामना सुरू होता, तोच जो बरोबरीत सुटला. प्रत्येक दाराआडून टीव्हीचा आणि माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी बेल वाजवत होते. चौदा दारे उघडली नाहीत. दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस आणि त्याच रात्री रस्त्यावर झोपणाऱ्यांची मोजणी, कारण बेघरांची गणना त्या एकाच रात्री करायची असते. मार्चच्या सुरुवातीच्या पाच दिवसांत फेरतपासणीला पुन्हा गेले, आणखी पाच दारे उघडली. नऊ राहिली ती राहिलीच. त्या घरांत माणसे होती हे मला माहीत होते, मी त्यांचा आवाज ऐकला होता. पण आवाजावरून माणसे लिहिता येत नाहीत.

नंतर सरकारनेच नमुना पाहणी करून पडताळले, तेव्हा देशभरात हजारी २३ माणसे मोजायची राहिल्याचे निघाले. वाचताना मला ती नऊ दारे आठवली.

समितीच्या निर्णयात मला काय खटकते ते आता सांगते.

क्लबहाउसच्या टेबलापाशी कोण येईल? तुम्ही याल, मी येईन, सकाळी फिरायला जाणारा ज्येष्ठांचा गट येईल. बी विंगमध्ये तीन-तीन, चार-चार जण मिळून राहणारी आयटीतली मुले येणार नाहीत, रविवारी ती दुपारपर्यंत झोपलेली असतात. त्यांना वाटते, आपले नाव गावाकडे आहे, आईने तिथे सांगितले असेल. आई म्हणते, तो पुण्याला असतो, तिथे लिहितील. असा धडधाकट मुलगा दोन्हीकडून सुटतो. कुठे लिहायचे हा त्याचा प्रश्न दारात उभा असलेला प्रगणकच सोडवू शकतो. माणूस नेहमी राहतो कुठे आणि जेवतो कोणाच्या चुलीवर, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक गुंता सुटतो. एक चूल म्हणजे एक कुटुंब, मग त्या चुलीवर जेवणारे नात्याचे असोत वा नसोत. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावताना समितीला कोणत्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे ते अचूक माहीत असते. मग मोजणीच्या वेळीच ते ‘सभासद नाहीत’ म्हणून बाजूला का पडतात?

दुसरे, आणि हे मला सगळ्यांत जास्त लागले. निर्णयात गेटवरच्या केबिनचा उल्लेखच नाही. पंपरूमच्या मागच्या खोलीत वॉचमनचे चार जणांचे कुटुंब राहते. दोन मुले म्युनिसिपालिटीच्या शाळेत जातात, मोठीला मी संध्याकाळी गणित शिकवते. डी विंगमध्ये आजोबांची सेवा करणारी बाई चोवीस तास तिथेच असते, सोळा महिने झाले. मागच्या भिंतीला लागून बिल्डरच्या पुढच्या टप्प्याचे पत्र्याचे शेड आहेत, त्यात छत्तीसगडचे मजूर बायकापोरांसह राहतात. जनगणना नागरिकत्व विचारून कोणाला वगळत नाही. नेपाळहून आलेला रात्रपाळीचा वॉचमनही इथे राहतो म्हणून मोजला जातो. ही माणसे क्लबहाउसमध्ये येतील का? त्यांना क्लबहाउसमध्ये चप्पल घालूनही जाऊ देत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई दोन वर्षे रेशनसाठी खेटे घालत आहेत. प्रत्येक वेळी उत्तर एकच, ‘इष्टांक संपला.’ इष्टांक म्हणजे किती माणसांना रेशन द्यायचे ती ठरलेली संख्या. हा इष्टांक येतो कुठून? अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात ग्रामीण भागात ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागात ५० टक्क्यांपर्यंत लोक धरायचे ठरले आणि लोकसंख्या घेतली २०११ ची. महाराष्ट्राच्या वाट्याला सात कोटींच्या आसपास माणसे आली. तो आकडा तिथेच गोठला आणि नंतर आलेल्यांना सांगितले जाते, जागा नाही. नवी मोजणी झाली की बाईंना दुसऱ्या दिवशी धान्य मिळेल असे मी म्हणत नाही. पण जुन्या आकड्याला बोट दाखवून त्यांना परत पाठवणे तरी अवघड होईल.

पाण्याचेही तेच. वार्षिक सभेत आपण टँकरच्या बिलावर तास-तास भांडतो. महापालिकेने पाणी मागायचे, जलसंपदा विभागाने विचारायचे की लोकसंख्या किती, मग दोघांनी आपापला आकडा पुढे करायचा. यात आपण माणसेच लपवून ठेवायची आणि वर पाणी पुरत नाही म्हणायचे, याला काय म्हणावे?

आता सुरक्षेविषयी. ही काळजी खोटी नाही. खोट्या कुरिअरवाल्याने सी विंगमधल्या काकूंना फसवले, ते मीही विसरलेले नाही. पण प्रगणकाकडे ओळखपत्र आणि नियुक्तीपत्र असते. ते गेटवर पाहा, नोंदवहीत लिहा, शंका आली तर क्षेत्रीय कार्यालयाला फोन करून खात्री करा. तो आधार कार्ड मागणार नाही, बँकेचा खाते क्रमांक विचारणार नाही, कागदपत्रे तपासणार नाही. जनगणनेचे टप्पे दोन, आधी घरांचा आणि मग फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांचा. पहिल्या टप्प्यात प्रश्न आहेत ते घराचे : भिंती कशाच्या, खोल्या किती, पाणी कुठून, सांडपाणी कुठे जाते, स्वयंपाकाला गॅस आहे का, इंटरनेट आहे का, घरात मुख्य धान्य कोणते खातात. मोबाइल क्रमांक विचारतात, त्यावर आलेला ओटीपी कोणी मागितला तर मात्र खुशाल हाकलून द्या. ज्यांना अनोळखी माणूस दारात नकोच आहे त्यांच्यासाठी यंदा स्वगणनेची सोय आहे. प्रगणक येण्याआधीच्या ठरलेल्या दिवसांत जनगणनेच्या पोर्टलवर स्वतः माहिती भरायची, मिळालेला क्रमांक जपून ठेवायचा आणि प्रगणक आला की त्याला द्यायचा. तो तरीही येणार, पण दोन मिनिटांत जाईल. समितीने नोटीस काढायचीच होती तर ही काढायची.

ग्रुपवर आणखी दोन गोष्टी फिरत आहेत, त्यांना उत्तर देणे भाग आहे. पहिली, ‘ही माहिती पुढे दुसऱ्याच कामाला वापरतील.’ ही भीती कुठून येते ते मला कळते. २०१० मध्ये घरयादीबरोबर, म्हणजे पहिल्या टप्प्याबरोबर, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा (एनपीआर) वेगळा अर्जही भरून घेतला होता आणि तो भरणाऱ्यांत आमच्यासारखेच शिक्षक होते. या बाबतीत सरकारने लोकांशी स्पष्ट बोलावे, असे माझेही मत आहे. पण जनगणनेच्या उत्तरांना कलम १५ चे संरक्षण आहे. कोणाही व्यक्तीची नोंद दुसऱ्याला पाहता येत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. माहिती फोडणारा प्रगणक शिक्षेला पात्र ठरतो. आम्हाला प्रशिक्षणात हे इतके घोकवले होते की मी नवऱ्यालाही कधी कोणाचे उत्तर सांगितले नाही. तेव्हा तो फार चिडायचा.

दुसरी गोष्ट जातीची. ‘आम्ही जात मानत नाही, मग आम्ही का सांगायची?’ असे दोघा-तिघांनी लिहिले आहे. १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सगळ्या जातींची नोंद होणार आहे. ती व्हावी की नाही यावर माझ्या घरातही एकमत नाही. पण तो प्रश्न पुढच्या फेब्रुवारीतल्या टप्प्याचा आहे. त्याचे जे काय असेल ते आपापल्या दारात प्रगणकाला सांगा. त्यासाठी सगळ्या संकुलाचे गेट लावून घेण्याचे कारण नाही.

जाता जाता बायकांसाठी, कारण ग्रुपवर उत्तरे देतात ती बहुतेक पुरुष मंडळी. फेब्रुवारीत कामाचा प्रश्न येईल तेव्हा “ती काही करत नाही, घरीच असते” असे उत्तर नवऱ्याला देऊ देऊ नका. १९९१ मध्ये दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईच्या देखत तिचा नवरा हेच म्हणायचा आणि तीही मान डोलवायची. मी खोदून विचारायची : गेल्या वर्षात शेतात किती दिवस गेलीस? कांदे कोणी काढले? मग निघायचे की ती वर्षातले आठ महिने राबते. आपल्याकडे कोणी घरून डबे करते, कोणी शिकवण्या घेते, कोणी नवऱ्याच्या दुकानाचा हिशेब सांभाळते. ते सांगा. मातृभाषेच्या प्रश्नालाही जरा थांबून उत्तर द्या. २०११ मध्ये देशात अडीच लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा इंग्रजी सांगितली आणि त्यातले लाखाहून अधिक आपल्या महाराष्ट्रातले होते. मुले इंग्रजी शाळेत जातात म्हणून त्यांची आई बदलत नाही.

आणि ‘मोजून काय होते’ असे विचारणाऱ्यांसाठी एकच आकडा देते. २००१ मध्ये महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. हे कोणत्याही दवाखान्याने सांगितले नाही. हजारो प्रगणकांनी दारात उभे राहून “मुलगा किती, मुलगी किती” विचारले तेव्हा ते उघडे पडले.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

रविवारचा निर्णय मागे घ्या आणि तसे ग्रुपवर लिहा.

प्रगणकाला ओळखपत्र पाहून प्रत्येक विंगमध्ये जाऊ द्या, लिफ्ट वापरू द्या. आपल्याकडे डिलिव्हरीवाल्यांना जिना दाखवण्याची रीत आहे, ती इथे नको. बारा मजले, पुन्हा पुन्हा, तेही स्वतःची शाळा सांभाळून, याची कल्पना करा.

पंपरूममागची खोली, केबिन आणि घरात राहणारे मदतनीस यांची यादी सचिवांनी प्रगणकाला आपणहून द्यावी. भिंतीपलीकडच्या शेडबद्दल बिल्डरच्या साइट इंजिनिअरला पत्र लिहावे, ते मी लिहून देते.

घरमालकांनी आपल्या भाडेकरूंना स्वतः कळवावे की तुम्ही इथेच मोजले जाणार आहात आणि त्याने भाडेकराराला काहीही बाधा येत नाही. ही शंका दोघांनी मला लिफ्टमध्ये दबक्या आवाजात विचारली.

बंद फ्लॅटबाबत, मालक परदेशी असेल तर तसे सांगा. माणसे राहत असताना ‘बंद आहे’ असे वॉचमनने सांगायचे नाही.

आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये गणनेच्या दिवसांत क्लबहाउसमधली एक खोली प्रगणकांना बसायला द्या. टेबल मांडायची तुमची कल्पना तिथे उपयोगी पडेल. पाणी आणि पंखा एवढे पुरे.

यातले जे काम अंगावर घ्यायचे ते मी घेते. संध्याकाळी पाच ते आठ मी गेटवर बसू शकते, प्रगणकाबरोबर मजले चढू शकते. गुडघे तक्रार करतात, पण लिफ्ट आहे. शेडमधल्या बायकांशी बोलायला माझी हिंदी पुरते. सी विंगमधल्या काकूंनी सोबत यायचे कबूल केले आहे.

सोमवारी संध्याकाळी सहाला सोसायटीच्या ऑफिसात उत्तर घ्यायला येईन. उत्तर नोटीस बोर्डावर लावणार असाल तर मराठी आणि हिंदी दोन्हीत लावा, म्हणजे गेटवरच्या मुलांनाही ते वाचता येईल.

आपली,
ए विंगमधली एक रहिवासी
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका)